कमरेपर्यंत माती

धुळ्याला आयटीआय करून मी वीज खात्यात वायरमन म्हणून लागलो, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पारोळ्यापासून सायकलने तासाभरावरच्या एका गावात माझी नेमणूक झाली. आजूबाजूची पाच गावं आमच्याकडे होती आणि ती सांभाळायला आम्ही दोघंच, मी आणि माझे वरिष्ठ लाइनमन. त्यांना सगळा तालुका नाना म्हणायचा, म्हणून मीही नानाच म्हणायचो. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, मिशा पांढऱ्या आणि डाव्या गालात कायम तंबाखू. खांबावर ते इतक्या सहज चढत की खाली उभं राहून बघताना मला माझ्याच वयाची लाज वाटायची.

त्या पाचांपैकी एका गावच्या शिवारात, बोरी नदीच्या अंगाला, एक डी.पी. होती. दोन खांब, मधल्या लोखंडी पट्ट्यांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि वर उघड्या तारा. सगळीकडे असते तशीच. पण नानांना ती आवडायची नाही. आदल्या पावसाळ्यात तिच्या खांबाला अंग घासायला गेलेला एक बैल जागच्या जागी पडला होता. वटवाघळं तारांना चिकटून वाळायची. आणि तिचा आवाज वेगळा होता. बाकीच्या डी.पी. एका सुरात गुणगुणतात; ही मधेच थांबल्यासारखी व्हायची आणि पुन्हा कुरकुरायला लागायची, दाताखाली खडा आल्यासारखी.

"हिनं लक्षण बरं नही शे," नाना म्हणायचे आणि सायकल जरा लांबूनच न्यायचे.

डी.पी.ला लागून एका विधवा बाईचं शेत होतं. तिला सगळे अक्का म्हणत. साठीची, उंच, आवाज खणखणीत. शेत ती आणि तिचा तिशीतला मुलगा मिळून करत. आम्ही तारेच्या कामाला गेलो की अक्का विहिरीवरून पाण्याची कळशी पाठवायची, आणि तिचा मुलगा हातातलं काम टाकून आमच्याजवळ येऊन उभा राहायचा. त्याला विजेचं फार कुतूहल. "हे ओढलं तर काय होतं? ते कशाला लावलंय?" असं सारखं विचारायचा. नाना त्याच्यावर ओरडायचे, पण उत्तर द्यायचे.

त्या वर्षी होळीच्या सुमारास खात्याने आम्हा सगळ्या लाइनवाल्यांना जळगावला दोन दिवसांच्या शिबिराला बोलावलं. विजेचा झटका बसलेल्या माणसाला काय करायचं, ते शिकायला. आमच्या प्रत्येक ऑफिसात याचा एक तक्ता भिंतीवर असायचाच. त्यात एक माणूस पालथा पडलेला आणि दुसरा त्याच्या पाठीवर बसून दाबतोय, असं चित्र होतं. वर्षानुवर्षांच्या धुळीमुळे खालची अक्षरं कुणाला वाचता यायची नाहीत आणि कुणी वाचायचंही नाही.

शिकवायला एक डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या. त्यांनी आल्या आल्या तो तक्ता भिंतीवरून काढायला लावला. "ही जुनी पद्धत. विसरा," म्हणाल्या. मग सरकीने भरलेलं एक पोतं जमिनीवर आडवं घातलं, पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसून ते पोतं दाबून दाखवायला लागल्या. आम्ही चाळीसेक मिशावाली माणसं खो-खो हसलो.

"हसून घ्या," त्या दाबता दाबता म्हणाल्या. "ज्या दिवशी करावं लागेल त्या दिवशी हसू येणार नाही."

त्यांनी प्रत्येकाला ते करायला लावलं. छातीच्या मधोमध, जरा खालच्या बाजूला, एका तळहाताची टाच ठेवायची, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. सगळ्या अंगाचा भार टाकून दाबायचं, सोडायचं, दाबायचं. पंधरा वेळा. मग मान मागे करून, नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून दोनदा फुंकायचं, छाती वर येते का बघायची. पुन्हा पंधरा. माझी पाळी आली तेव्हा पाचव्या फेरीतच माझे खांदे भरून आले.

"बरगडी मोडली तर?" कुणीतरी विचारलं.

"मोडू दे. मोडलेली बरगडी जुळते." मग त्या उभ्या राहिल्या आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि दोन गोष्टी. तुम्हाला सगळे म्हणतील, सोडा, गेला तो. सोडायचं नाही. आणि गावातले लोक म्हणतील, मातीत पुरा, माती करंट ओढून घेते. पुरू द्यायचं नाही. करंट अंगात साठून राहत नाही. माणसाला हवी असते हवा, आणि छाती हलायला जागा."

नाना पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच बसले. जेवणाच्या सुट्टीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेलेल्याला फुंकून उठवायला आपण काय भगत आहोत का? मी भाच्याकडे जाऊन येतो. माझी सही तू करून टाक." मी केली.

त्यानंतर दीडेक महिन्यातच ते घडलं.

चैत्र सरत आला होता. खानदेशात त्या दिवसांत अकरानंतर शिवारात चिटपाखरू दिसत नाही. अक्काच्या मुलाने ऑफिसात येऊन सांगितलं की नदीकाठच्या मोटारी चालत नाहीत, एक फेज गेलाय. आम्ही दोघं सायकली काढून निघालो. वाटेत नाना एकदाच म्हणाले, "मला कालपासून नीट झोप नाही." मी उन्हामुळे असेल म्हणालो.

डी.पी.पाशी पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. वरून येणारी लाइन तोडायला खांबावर उंच तीन पात्या असतात आणि खाली हाताशी एक लोखंडी दांडा. दांडा ओढला की तिन्ही पात्या एकदम उघडतात. उघडल्या की नाहीत ते खालून डोळ्यांनी बघायचं, आणि मग तारांवर अर्थिंगची साखळी टाकायची. चुकून कुठे वीज राहिली असेल तर ती साखळीतून जमिनीत जाते. असा नियम.

दांडा मी ओढला. तो अडला, म्हणून पुन्हा जोर लावून ओढला. खडखडाट झाला. मी कपाळावर हात धरून वर बघितलं. आभाळ पांढरंफटक झालं होतं आणि डोळ्यांत पाणी आलं. मला उघडलेल्या पात्या दिसल्या. दोन दिसल्या. तिसरी सूर्याच्या आड होती. मी खाली बघितलं आणि म्हणालो, "बंद केलं, नाना."

साखळी ऑफिसात राहिली होती. नाना म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे," आणि चढले.

खटका उडाल्यासारखा आवाज आला, फार मोठा नाही. मी वर बघेपर्यंत नाना सुटले होते. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला अक्काने कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग रचला होता, सरपणासाठी. नाना त्याच्यावर आदळले आणि घरंगळत काळ्या मातीत आले. ढीग नसता तर पुढचं काही घडलंच नसतं. ते तारांपासून लांब पडले होते, हे मी कसं कोण जाणे आधी बघितलं. मग धावलो.

"नाना! नाना!"

डोळे अर्धे उघडे. उजव्या हाताच्या बोटांतून धूर येत होता आणि जळकट वास सुटला होता. मी कान त्यांच्या नाकाशी नेला. श्वास नव्हता. मानेच्या बाजूला बोटं ठेवली. माझ्याच बोटांत माझी नाडी इतकी उडत होती की क्षणभर ती नानांचीच वाटली. बोटं काढून पुन्हा ठेवली. काही नव्हतं.

तेवढ्यात अक्काचा मुलगा विहिरीकडून पळत आला. त्याने नानांकडे बघितलं आणि तो जागीच थांबला.

मी गुडघे टेकले. शर्टाची बटणं तोडली. तळहाताची टाच छातीवर ठेवली आणि दाबायला लागलो. सरकीचं पोतं दाबलं की परत वर येतं, हातांना आधार देतं. नानांची छाती तशी नव्हती. तिला दाबताना खाली काय आहे ते हातांना कळत होतं. पंधरा झाल्यावर तोंड उघडलं तर गालात तंबाखू. बोटाने ती काढून टाकली, मान मागे केली, नाक धरलं आणि फुंकलं. छाती हललीच नाही. मान आणखी मागे केली. पुन्हा फुंकलं. छाती वर आली, भाता फुगतो तशी, आणि हवा माझ्या गालावर परत आली. तिला नानांचा वास होता.

दुसऱ्या का तिसऱ्या फेरीला माझ्या हाताखाली कट् असं झालं. मी थांबलो. खरं सांगायचं तर मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. मग डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं आणि पुन्हा दाबायला लागलो.

किती वेळात ते कळलं नाही, पण आजूबाजूच्या शेतांतली माणसं जमली. पंधरा-वीस तरी असतील. त्यांची सावली माझ्यावर पडली तेव्हा मला कळलं.

"अरे, मरेल माणूसनी छाती काय फोडी ऱ्हायना हाऊ?" एक म्हातारा ओरडला.

"गाडा त्याले माटीमा! माटी करंट खेची लेस! बैल तेवढा वाचला नही, माणूस वाचतो!"

"नाही," मी दाबता दाबता म्हणालो. "पुरायचं नाही. गाडी बघा कुणीतरी."

एकजण ट्रॅक्टर आणायला पळाला. बाकीच्यांनी कुदळी आणल्या होत्या. ते नानांच्या शेजारीच खणायला लागले. मग दोघांनी माझ्या खांद्याला धरून मला मागे ओढलं. मी आडवा झालो, पुन्हा उठून नानांच्या छातीवर हात ठेवला. त्यांनी पुन्हा धरलं. ते वाईट लोक नव्हते. नाना त्यांचेही होते. त्यांच्या डोळ्यांसमोर नोकरीला लागून वर्ष न झालेलं धुळ्याचं एक पोरगं त्यांच्या नानांच्या तोंडाला तोंड लावत होतं आणि त्यांना वाचवायचा एकमेव उपाय करू देत नव्हतं.

"बठ्ठा मांगे सरका!" अक्काचा आवाज आला. ती मध्ये घुसली. "त्याले काय करनं ते करू द्या. भाऊ, पण तूबी ऐक. थोडी माटी टाकू दे. यास्नं मन ऱ्हाई."

मला दम लागला होता. दाबणं दोन-तीन फेऱ्या चुकलं होतं. ज्या क्षणाकडे मी पुढे कितीदा परत गेलो असेन तो हा क्षण. मी म्हणालो, "कमरेच्या खाली काय करायचं ते करा. छातीला हात लावू नका."

असा सौदा झाला. त्यांनी नानांच्या पायांखालची माती उकरली, पाय खड्ड्यात सोडले आणि वर माती लोटली. अक्काने कळशीभर पाणी ओतून ती भिजवली. मी वरच्या अंगाला दाबत होतो. अक्काचा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. "मी दाबू का? तुम्ही फुंका," तो म्हणाला. मी त्याचे हात धरून जागेवर ठेवले. कोपरं ताठ करायला सांगितलं. एकदा सांगितलं, त्याला आलं. तो मोठ्याने मोजायचा, पंधरा झाले की थांबायचा आणि मी फुंकायचो. त्याचे हात शेतकऱ्याचे होते, माझ्यापेक्षा चांगले चालत होते.

पंधरा मिनिटं झाली असं कुणी नंतर सांगितलं, कुणी अर्धा तास म्हणालं. मला माहीत नाही. नानांच्या नाकातून एकदम घोरल्यासारखा आवाज आला. आम्ही दोघं थबकलो. पुन्हा तसाच आवाज. मग बराच वेळ काही नाही, इतका वेळ की मुलाने पुन्हा हात ठेवले. मग तिसरा श्वास आला आणि चौथा आला. मानेला बोटं लावली तर आत काहीतरी फडफडत होतं.

लोकांनी आरोळी ठोकली. ट्रॅक्टर आला. नानांना मातीतून उपसून ट्रॉलीत घातलं, रस्त्यावर बस थांबवली आणि ड्रायव्हरने ती कुठेही न थांबवता पारोळ्याच्या दवाखान्यात नेली. तिथून संध्याकाळच्या आत धुळ्याला. सगळ्या वाटेत मी नानांच्या छातीवर नजर ठेवून बसलो होतो. त्यांच्या पायांना चिखल होता आणि तो वाळून पडत होता.

नाना वाचले. उजव्या हाताची दोन बोटं गेली, डाव्या तळपायात रुपयाएवढं भोक पडलं, तीन बरगड्या मोडल्या होत्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "छाती कुणी दाबली?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही दाबत राहिलात म्हणून हा माणूस इथपर्यंत आला."

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण तोपर्यंत खात्याच्या साहेबांनी डी.पी. तपासली होती. तिसरी पाती उघडलीच नव्हती. गंजून जागच्या जागी अडकली होती. चौकशीत साखळी न टाकल्याचं दोघांच्याही नावावर लागलं आणि मला मेमो मिळाला. पातीचं मात्र मला कुणी विचारलं नाही. मी खाटेशेजारी बसून नानांना स्वतःच सांगितलं, मला दोनच दिसल्या होत्या.

"मी तर बघितलंच नाही," ते म्हणाले. "आणि खरं सांगू? मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. सायकलवर बसलो, एवढंच."

दोन-अडीच महिन्यांनी ते परत आले, हलक्या कामावर. तोवर पाचही गावांत गोष्ट पसरली होती आणि मी ती माझ्यासमोर बदलत जाताना ऐकली होती. सुरुवातीला लोक म्हणत, वायरमनने छाती दाबली आणि मातीही टाकली. मग म्हणायला लागले, माती टाकली आणि छातीही दाबली. आषाढापर्यंत छाती गळून गेली. नानांना मातीने उठवलं, एवढंच राहिलं. जिथे त्यांचे पाय पुरले होते तो खड्डा कुणी बुजवला नव्हता. उलट जरा रुंद आणि खोल केलेला दिसला. कडेला एक दगड आला, दगडाला शेंदूर लागला.

नानांना काहीच आठवत नसल्यामुळे लोकांनी सांगितलं तेच त्यांना खरं वाटलं. त्यांनी तिथे नारळ फोडला. मी शेजारी उभा होतो. बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोललो असतो तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता की मी वाचवलं, माझं नाव घ्या. आणि ज्याने दांडा नीट ओढला नाही त्याने हे कोणत्या तोंडाने बोलायचं? नारळाने कुणाचं काय बिघडतं, असं मी मनाला सांगितलं. खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि खाल्ला.

अक्काचा मुलगा मात्र मला बघून हसायचा. एकदा हळूच म्हणाला, "माटीनं नही, आपण उठाडं त्यास्ले." मी म्हटलं, "मग सांग ना लोकांना." तो म्हणाला, "मायबी ऐकत नाही माझं."

पौष लागला. गव्हाला दुसरं-तिसरं पाणी चालू होतं. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील, मी ऑफिसच्या दारात उन्हाला बसलो होतो. त्या गावचा एक माणूस सायकलवर आला. सायकल स्टँडवर लावली. माठातून पाणी घेऊन प्यायला. मग म्हणाला, "अक्काच्या पोराला करंट लागला. विहिरीवर, स्टार्टरला."

मी उठून उभा राहिलो. "कधी?"

"झाला की अर्धा-पाऊण तास. घाबरू नका. मातीत ठेवलंय त्याला." त्याने तोंड पुसलं. "तुम्ही फक्त वरचं, ते फुंकायचं, करायला चला."

त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो. निवांत होता. करण्यासारखं सगळं करून आलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मी सायकल कशी हाणली ते आठवत नाही. डी.पी. जवळ आली तसा तिचा आवाज ऐकू यायला लागला. माणसं गोल करून उभी होती. चपला लांब काढून ठेवल्या होत्या. कुणी बोलत नव्हतं, रडत नव्हतं. मला बघून त्यांनी वाट करून दिली.

खड्ड्यात तो उभा होता. गळ्यापर्यंत माती, दाबून बसवलेली, ओली. फक्त डोकं वर. केस कुणीतरी नीट मागे सारले होते. अक्का शेजारी बसून कळशीने मातीवर पाणी घालत होती. त्याची बायको मूल कडेवर घेऊन मागे उभी होती.

"ये, भाऊ," अक्का म्हणाली. "वाटच देखी ऱ्हायनू."

मी खड्ड्यात उडी टाकली आणि हातांनी माती उपसायला लागलो. "काढा! काढा त्याला बाहेर!" मी ओरडत होतो. लोकांना कळेना. "नानाले अर्धंच गाडेल व्हतं," कुणीतरी समजावून सांगितलं, "म्हणून त्यास्ना बोटं गयात. याले पूर्ण गाडं." ओली काळी माती किती जड असते आणि कशी धरून ठेवते! त्याला बाहेर काढायला चार माणसं आणि बराच वेळ लागला. त्याचं अंग मातीइतकंच गार होतं.

मी दाबलं. मोजलं. फुंकलं. समोर बसून दाबायला या वेळी कुणी नव्हतं. त्या गावात हे येणारा दुसरा माणूस माझ्या हाताखाली होता. मी एकटाच पंधरा दाबत होतो, दोनदा फुंकत होतो. त्याच्या ओठांना माती लागली होती, ती माझ्या तोंडात गेली. हात भरून आले, मग बधिर झाले. सोडायचं नाही, सोडायचं नाही, असं मी मोठ्याने म्हणत होतो म्हणे. शेवटी अक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "नानाले बी माटीमाच ठेयेल व्हतं ना? मंग मना पोऱ्या का बरं नही उठना?"

मी त्याच्या ओठांवरची माती पुसली.

नानांना ते दुपारी कळलं. ते आले, त्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि एका बाजूला जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ गेलो आणि नारळ फोडला त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते आता सांगितलं, शिबिरातल्या बाईंच्या वाक्यासकट. ऐकताना राहिलेल्या तीन बोटांनी ते जमिनीवर रेघा ओढत होते. "माझी सही तू केली होतीस ना त्या दिवशी," एवढंच म्हणाले. चैत्र यायच्या आत त्यांनी नोकरी सोडली आणि अमळनेरकडे आपल्या गावी जाऊन राहिले.

तेरावं झाल्यावर मी अक्काच्या घरी गेलो. जाताना दोनदा मागे फिरलो होतो. ओट्यावर ती आणि सून शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पाती, सूर्य, दांडा. मातीत काही नसतं, हे मला आधीपासून माहीत होतं, आणि तरी मी कमरेपर्यंत टाकू दिली. आणि नंतर नारळ फुटला तेव्हा मी गप्प बसलो.

अक्काचे हात थांबले होते.

"मंग तू तव्हयच का नही सांगं?"

"मला वाटलं, काय बिघडतं."

ती शिव्या देईल, हाकलून देईल असं मला वाटत होतं. दिलं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप बाजूला ठेवलं. आत गेली. बराच वेळ आली नाही. मी उठून चालायला लागलो तेव्हा दारात येऊन म्हणाली, "बठ. सूनले शिकाड."

घरात सरकीचं पोतं नव्हतं, कडब्याची एक पेंढी घट्ट बांधून घेतली. त्या पोरीने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. हात कुठे ठेवायचे ते मी माझ्या छातीवर दाखवलं, तिने तिथे ठेवले. कोपरं ताठ, असं सांगितलं. तिने ताठ केली. ती दाबत गेली, मी मोजत गेलो. अक्का भिंतीला टेकून बघत होती. तिसऱ्या फेरीला पोरीचे खांदे थरथरायला लागले पण ती थांबली नाही. मग न थांबताच तिने विचारलं, "असं किती वेळ करायचं?"

मी म्हणालो, "दुसरं कुणी येईपर्यंत."

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी त्या पाचही गावांत ओट्यांवर, पारांवर, शाळेच्या व्हरांड्यात लोकांना ते शिकवलं. काही शिकले. काही हसले. मातीत काही नसतं हे म्हणणं काहींनी मनावर घेतलं नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. मग माझी बदली धुळ्याला झाली. अक्काकडे नंतर जाणं झालं नाही. तिच्या सुनेवर किंवा त्या गावात आणखी कुणावर पुढे ती वेळ आली का, आणि आली तेव्हा त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.